गव्हाण, एक नग

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक सोळा.
शटर अर्धं वर. आत मी आणि बाबांचं लेथ मशीन.
एप्रिलचे साडेअकरा,
पत्रा हात लावू देत नाही.

कागद परवाच आला होता येऊरहून :
"हरणांसाठी खाद्यपात्र, एक नग.
प्रकार कारागिराने सुचवावा."
माणूस आज आला. लखमा कटेला,
खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला.

मी आजवर बनवलेल्या वस्तू :
ग्रिल, कोलॅप्सिबल दारं, गच्चीची कुंपणं,
एकदा एका पतपेढीच्या तिजोरीची चौकट.
सगळं कुणी आत येऊ नये म्हणून.
येणाऱ्यासाठी काही करायचं,
हे पहिल्यांदाच.

म्हणून रात्री जागून तीन चित्रं काढली.

पहिलं, तिपाईवर पिंप. खाली फिरती चकती.
घड्याळ लावलं की पहाटे सहा, संध्याकाळी सहा
मका आपोआप उधळणार. माणसाचं कामच नाही.
ते त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं.
"झकास आहे," म्हणाले, "पण ताई,
चितळाला कळलेली वेळ बिबट्यालाही कळते.
सहाला पाच कमी असताना तो येऊन बसेल.
आणि दाणा नको. सवय नसलेल्या पोटात आंबतो,
जनावर भरल्या पोटी मरतं."

दुसरं, फांदीला टांगायची उभी नळी.
"ही माकडांची झाली.
झाकण परवा पाटोणापाड्यात सापडेल,
कुणाच्या तरी तांदळाच्या डब्यावर."

तिसरं, जाळीचा पिंजरा, पाला ओढून खायचा.
जाळीच्या चित्रात त्यांनी बोट रोवलं, वाकवलं.
"शिंग अडकलं की हरीण मागे सरत नाही.
झटकतं.
मान जाते."

मग काय करू?

त्यांनी माझ्याकडचा खडू घेतला, उकिडवे बसले
आणि फरशीवर दोन लांब रेघा ओढल्या.
गुडघ्याशी तळवा धरला : "मादी इथं."
तळवा खाली नेला : "पाडस इथं.
एक टोक उंच, एक बुटकं ठेवा.
दोन्ही बाजू मोकळ्या. आडोसा अजिबात नको.
खाताना तिला समोरचं रान दिसलं पाहिजे,
भिंतीकडे तोंड करून
फक्त बांधलेलं जनावर खातं."

तळाला भोकं. रंग नाही.
मधे खाच, सैंधवाच्या खड्यापुरती.
"आणि पाय खोलता आले पाहिजेत."
ते कशाला?
"जेठ सरला की उचलून आणायची.
रान हिरवं असताना
हिचं तिथं काय काम?"

वीस वर्षं या धंद्यात.
गिऱ्हाईक विचारतं : किती वर्षं टिकेल?
हलणार तर नाही ना?
काढता येईल का, असं
कुणी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी आले. मी कडा घासून ठेवल्या होत्या,
ग्राइंडर, मग बफ, मग पुन्हा बफ.
त्यांनी आधी तळहात फिरवला,
मग मनगटाची आतली बाजू.
मग वाकले
आणि सबंध कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जिभेने चाटली.
शेजारचा यशवंत टर्नर मशीन बंद करून बघत राहिला.
लखमाभाऊंनी अंगठ्याने जीभ पुसली,
अंगठा उजेडात धरला.
रक्त नव्हतं.
"चालंल," म्हणाले.

जुलैत टेम्पोतून गव्हाण परत आली, पाय वेगळे बांधून.
सोळातले पंधरा बोल्ट.
एक रानात राहिला म्हणून लखमाभाऊ
दोनदा ओशाळले, शोधतो म्हणाले.

ते गेल्यावर मी ती दारातल्या उजेडात ओढली.
तळाशी लेंडी, सुकलेला पाला,
भोकात अडकलेला एक तांबूस केस.
माझ्या बफने आली नव्हती
एवढी चकाकी कडेला.

बुटक्या टोकाला जास्त.